दोन तासांच्या आतली सायकल

थोरलीचे हात बघून माणसं आधी नजर वळवत आणि मग पुन्हा चोरून बघत. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते आणि उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं होतं. ट्रकचे मोडलेले सांगाडे जोडणाऱ्या कारखान्यात ती अठरा वर्षं वेल्डिंग करत होती. तिनं जोडलेलं लोखंड दुसरीकडे कुठे तुटलं तर तुटे, पण जोडावर नाही.

लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "घरात एक मारकुटा बघितला. हौस फिटली."

तो मारकुटा म्हणजे बाप. हाताला लागेल त्यानं मारायचा, पण खरी आवड पाण्याच्या रबरी नळीची. त्याची पावलं वाजली की धाकटीनं पलंगाखाली जायचं आणि थोरलीनं पलंगासमोर उभं राहायचं, हे दोघींचं न बोलता ठरलेलं. चौदाव्या वर्षी एकदा थोरलीनं त्या नळीचं दुसरं टोक धरून असा हिसका दिला, की बाप तोंडावर भिंतीला आपटला आणि त्याचा ओठ फाटला. त्या दिवसापासून धाकटीवर त्यानं हात टाकला नाही. धाकटीच्या वाटचंही मग थोरलीनंच खाल्लं. तीन वर्षांनी तो गेला तेव्हा एकटी आई रडली. पुढे तीही गेली आणि दोघी बहिणीच उरल्या.

धाकटीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा खडीच्या खाणीवर मुकादम होता. हसरा, बोलका, धाकटीच्या हातातली पिशवी न सांगता काढून घेणारा. थोरलीला तो मनापासून आवडला होता. ही गोष्ट तिनं पुढे स्वतःला कधीच माफ केली नाही.

दीड वर्षानं धाकटी भेटायला आली, तेव्हा डाव्या बाजूनं हाक मारली तर तिला ऐकू येत नव्हतं.

"पायरीवरून पडले," ती म्हणाली.

"कानावर पडलीस?"

धाकटी हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. थोरली तिला हाताला धरून चौकीवर घेऊन गेली. तिथला हवालदार मुकादमाच्या जुन्या बैठकीतला. "नवराबायकोचं आहे, दोन दिवसांत निवळेल," म्हणून त्यानं दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि कागद काही काढला नाही. संध्याकाळच्या आत धाकटी नवऱ्याकडे परतली. थोरलीनं हर तऱ्हेनं सांगून पाहिलं, पण तिचं एकच, "ताई, मी गेले नाही तर तो इथे येईल."

बसमध्ये चढताना मात्र ती थांबली. "मी बोलावलं तर येशील?"

"येईन."

"किती वेळात?"

थोरली मनात हिशेब मांडू लागली. खाण अडतीस किलोमीटरवर. बस फाट्यापर्यंत जायची, तीही दिवसातून दोनदा. पुढे चढाचा खडीचा रस्ता, आणि मध्ये खाणीचं फाटक. मोटारसायकल असो की जीप, फाटकावरचा पहारेकरी अडवायचा आणि वर मुकादमाला फोन लावायचा. फाटकाला वळसा घालून डोंगराच्या कडेनं एक जुनी पायवाट होती, पण तिच्यावरून इंजिन चाललं तर आवाज सगळ्या खाणीला ऐकू जाई. बस धरून पुढे चालत जायचं तर सगळं मिळून पाच तास.

पाच तासांत माणूस मारून, पुरून, हातपाय धुऊन होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती सायकलवाल्याकडे गेली. म्हातारा एके काळी शर्यती मारायचा, आता पंक्चर काढायचा. तिनं त्याला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्यानं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "जाताना एकटी, येताना दोघी?"

"हो."

"मग अशी सायकल दुकानात मिळत नाही. ती बनवावी लागेल."

अडगळीतून त्यानं पोलादाची एक जुनी फ्रेम काढली. लांब पल्ल्याच्या सायकलची, पण खालची नळी तडकलेली. थोरलीनं ती नळी कापून काढली, नवी बसवली आणि पितळ वितळवून जोड भरले. फ्रेमच्या पातळ नळीला ट्रकची आग सोसत नाही, म्हणून ज्योत बारीक ठेवून, श्वास धरून. डांबरावर वेग हवा आणि खडीवर पकड, तेव्हा टायर ना शर्यतीचं चालणार होतं ना डोंगरातलं. दोन बोटं रुंदीचं, मध्ये गुळगुळीत आणि कडांना दातेरी असं टायर सायकलवाल्यानं शोधून आणलं. ते मागच्या नळ्यांना घासायला लागलं, म्हणून तिनं नळ्या तापवून, आतून चेपून जागा केली. पुढचं चाक धरणारा फोर्क अख्खा नवा बनवला. चढासाठी मागच्या चाकावर ताटलीएवढी दातेरी चकती चढवली.

हँडलवरून मात्र दोघांची जुंपली. तिला सरळ दांडा हवा होता.

"सव्वीस किलोमीटर उघड्या माळावरून, छातीवर वारा घेत ताठ बसून जाणार?" सायकलवाला भडकला. "पोचशील तेव्हा भांडायला दम उरेल का? शर्यतीचं हँडल लाव. खाली वाक, वारा पाठीवरून जाऊ दे."

"आणि उतारावर, खडीवर? ते अरुंद हँडल माझ्या हातातून निसटेल."

शेवटी तिनं तिसरंच केलं. पोलादी नळीत वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि नळी लाल करून स्वतःच वाकवली. हँडल शर्यतीसारखं खाली वळलेलं, पण खालची टोकं बाहेर फाकलेली. पकडलं की खांदे मोकळे राहत आणि चाक हलत नसे. सायकलवाल्यानं ते दोन्ही हातांनी धरून, खाली वाकून पाहिलं. "चाळीस वर्षं सायकली बघतोय," एवढंच म्हणाला.

मागच्या कॅरिअरवर तिनं सगळ्यात जास्त जीव लावला. पन्नास किलोची वाळूची गोणी बांधून ती रोज पहाटे उजाडता उजाडता निघायची. पहिलं कॅरिअर खड्ड्यात मोडलं, दुसरं वाकलं. तिसरं टिकलं. त्याला तिनं पाय ठेवायला दोन आडव्या पट्ट्या जोडल्या, कारण जीव घेऊन पळणाऱ्या माणसाचे पाय लोंबकळत असले तर ते चाकात जातात. खाणीइतक्याच अंतराच्या फेरीची वेळ दोन तास चाळीस मिनिटांवरून दोन वीसवर आली, मग दोन दहावर; तिला ती दोनच्या आत आणायची होती. एकदा तर ती पायवाटेनं खाणीच्या वस्तीपर्यंत जाऊन आली.

तिथेच पहारेकऱ्यानं तिला पाहिलं.

मुकादम भर दुपारी कारखान्यात शिरला. मालक बाहेर गेले होते आणि बाकीचे जेवत होते. सायकल कोपऱ्यात उभी होती. त्यानं भिंतीला टेकलेला घण उचलला. "माझ्या बायकोला पळवायला गाडी बनवतेस होय, ताई?" त्याच्या तोंडावर तेच जुनं गोड हसू होतं. पहिला घाव हँडलवर बसला, दुसरा पुढच्या चाकावर. तिसऱ्या घावाला थोरली मध्ये पडली. तिनं डाव्या हातानं फ्रेम धरली होती आणि घण बोटांवर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऐरणीवर चेपल्यासारखं चपटं झालं. उजव्या हातात जळती ज्योत होती, ती तिनं त्याच्या तोंडासमोर धरली. भुवया जळाल्याचा वास सुटला. जेवणारे धावत आले तेव्हा तो मागे सरत सरत हसतच बाहेर पडला.

हवालदारानं या वेळी कागद काढला. त्यावर लिहिलं : दोघांत झटापट.

बोटं जोडली गेली, पण मिटेनात. थोरली एकोणीस दिवसांत पुन्हा फ्रेमच्या कामाला बसली, तीही कारखान्यात नाही, सायकलवाल्याच्या माजघरात. नवं हँडल वाकवलं. डाव्या ब्रेकची मूठ तिनं लांबट केली आणि आत वळवली, म्हणजे दोन बोटांत आणि अंगठ्यात ती ओढता यायची. सायकलवाला चाकाच्या तारा ताणत बसायचा आणि एकेक तार बोटानं वाजवून बघायचा. दोघं कामापुरतंच बोलत.

एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला फोन आला. खाणीच्या उपाहारगृहातून कुणाचा तरी मागून घेतलेला. दोनच शब्द, "ताई, आता." आणि मागे काहीतरी फुटल्याचा आवाज.

माळावरचे सव्वीस किलोमीटर तिनं मान वर न करता मारले. खडीचा चढ ती उभ्यानं चढली. फाटकापाशी वळून पायवाटेला लागली, जिथे वाट संपली तिथे सायकल खांद्यावर टाकली. वस्तीत पोचली तेव्हा एक तास सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

धाकटीच्या घराचं दार आतून लावलेलं. पत्र्याचं होतं, दुसऱ्या लाथेला निघालं. मुकादमानं धाकटीचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तो तिचं डोकं लोखंडी खाटेच्या पायावर आपटत होता. घाई न करता, एकेक करून. थोरलीनं दाराचा अडसर उचलला. पहिला फटका त्याच्या दंडावर बसला आणि केस सुटले. तो वळून अंगावर आला, तिच्या गळ्याला त्यानं हात घातला, दोघं खाली पडली आणि त्यानं तिच्या खांद्याचा लचका तोडला. तिनं गुडघ्यानं त्याला उलटवलं, उठली आणि अडसर त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो आडवा झाला. आता तो उठणार नव्हता, हे तिला दिसत होतं. तरी तिनं पुन्हा घातला. मग पुन्हा. प्रत्येक फटक्यासरशी तिच्या घशातून एक हुंकार निघत होता, आणि तो कुणाचा हे तिला ओळखू येत होतं. रबरी नळी उगारताना बाप असाच हुंकारायचा.

"ताई, पुरे." धाकटीनं तिचे दोन्ही हात मागून धरले. "ताई, तो पडलाय. चल."

उतारावर धाकटी मागे बसली, पाय पट्ट्यांवर, हात थोरलीच्या पोटाभोवती. तिच्या कपाळाचं रक्त थोरलीच्या पाठीवर पसरत गेलं. खडीवर एकदा मागचं चाक घसरून दोघी आपटल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. फाटकावर आरडाओरडा झाला. फाट्याला लागून डांबरावर आल्या तेव्हा मागून खाणीची जीप दिसली.

मधलं अंतर थोरलीनं मिटवू दिलं नाही, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण दोघींचं ओझं आणि दोन पाय, ते किती पुरणार? जीपनं पेट्रोल पंपाच्या अलीकडे शंभर पावलांवर मागच्या चाकाला धडक दिली. धाकटी उडून दगडांत पडली आणि तिचा हात मोडला. थोरलीचा कपाळापासून गालफडापर्यंतचा भाग रस्त्यानं सोलून काढला. चालक खाली उतरला, हातात पाना घेऊन. पण पंपावरची बाई ओरडत धावली, तिच्या मागे दोन ट्रकवाले, आणि तो पाना टाकून पळाला.

इस्पितळात धाकटीच्या सगळ्या अंगाची क्ष-किरण छायाचित्रं निघाली. जुनी, आपोआप वेडीवाकडी भरलेली हाडं अकरा निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती मोजून लिहून दिली, आणि हवालदाराच्या कागदापेक्षा तो कागद कोर्टात जड गेला. मुकादमाला सहा वर्षांची सजा झाली. तो आता काठीशिवाय चालू शकत नाही.

थोरलीवरही खटला चालला. तिच्या वकिलानं तिला पढवलं होतं, की जिवावर बेतलं होतं म्हणा, थांबणं शक्य नव्हतं म्हणा.

न्यायाधीशांनी विचारलं, "तो पडल्यावर तुम्ही थांबू शकला असता?"

"थांबू शकले असते," थोरली म्हणाली. "थांबले नाही."

वकिलानं कपाळाला हात लावला. तिला आठ महिने झाले, ते तिनं काढले.

सुटून आली तेव्हा धाकटी तिच्या घरात राहत होती आणि पंपावरच्या बाईनं तिला तिथेच कामाला लावलं होतं. सहा महिने बरे गेले. मग एका सकाळी, चहाचं पातेलं उतू गेलं एवढ्याशा कारणावरून दोघींचं भांडण पेटलं आणि थोरलीचा हात वर गेला. धाकटी मागे सरली नाही. चिमटा हातात घट्ट धरून ती म्हणाली, "खाली घे. तुझाही खपवून घेणार नाही."

हात खाली आला. थोरली बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि कित्येक वर्षांनी रडली. धाकटी आत कप धूत होती. बाहेर आली नाही.

पुढच्या महिन्यात धाकटीनं दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. खाट थोरलीनंच डोक्यावर वाहून नेली. दोघी आता रविवारी एकत्र जेवतात, कधी भांडतात, कधी नाही. डोंगरातल्या पाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या एका परिचारिकेनं थोरलीकडे सायकल मागितली आहे. डांबरावर पळणारी, खडीवर न घसरणारी, मागे औषधांची पेटी बसेल अशी. सायकलवाल्यानं चाकं घेतली आहेत बांधायला. फ्रेमची नळी थोरलीनं कालच कापली. परिचारिका बुटकी आहे, तिचे हात आखूड आहेत, म्हणून हँडल जरा जवळ घ्यावं लागणार आहे.