पाणी मारलेली लाकडं

धुमसतं लाकूड माझ्या खांद्यावर आदळलं आणि अंगणात पडलं. पाटलीणबाई मागच्या दारात उभी होती, नाकाला पदर लावून खोकत. "वल्ली लाकडं आणतेस गं? माजं नातवंड घुसमटतंय आत."

ओली? माघ महिना होता. दिवाळीपासून थेंब पडला नव्हता. ऐनाची उभी वाळलेली लाकडं होती ती, एकावर एक आपटली की खणखणायची. मी सांगायला तोंड उघडलं. तिनं गड्याला हाक मारली आणि म्हणाली, हिला कळू दे धूर म्हणजे काय असतो.

गड्यानं तीच लाकडं अंगणात रचली, खाली निखारे घातले. जाड, पांढरा धूर उठला. मला गुडघ्यांवर बसवलं. त्याला माझ्या अंगाला हात लावायचा नव्हता, म्हणून त्यानं मानेवर काठी टेकली आणि भार देऊन माझं तोंड धुरात दाबलं. मी श्वास कोंडून धरला. किती वेळ धरणार? छातीत आग शिरली. डोळे फुटतील असं वाटलं. मी ओकले. लुगड्यातच मुतले. होय, सांगते. लाज त्यांना वाटायला हवी होती, मी का लपवू?

आतून त्यांची सून बघत होती. मांडीवर चार महिन्यांचं पोर. ते रडत नव्हतं, नुसतं घरघरत होतं.

काठी निघाली तेव्हा पाटलीणबाईनं त्या काठीवर तांब्याभर पाणी ओतायला लावलं. माझ्या मानेला लागली होती ना.

आम्ही महारवाड्यातले. पोशीर नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पाटलाच्या चुलीला लाकूड पुरवायचं काम पिढीजात आमच्या घराकडे. बदल्यात दारातून टाकलेली शिळी भाकर. तीस वर्षं आयनं मोळ्या वाहिल्या. तिची छाती गेली तेव्हा मोळी माझ्या डोक्यावर आली. मी एकोणीस वर्षांची, नवरा मेल्यावर माहेरी आलेली.

कोरडं लाकूड आमच्या चुलीत कधी जळलं नाही. कोरडं पाटलाचं. आमच्या वाट्याला ओली मुळं, भाताचं तूस, शेणकुटांचा चुरा. खोपटाला एक दार, खिडकी नाही. आय दोन शब्द बोलायची आणि चार वेळा खोकायची. डोळे चिकटलेले, माणूस सावलीवरून ओळखायची. महारवाड्यातल्या चाळिशीच्या सगळ्या बायका अशाच. बाईचं वय झालं की असंच होतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवशी घरी आले. सकाळी मोळीचा वेल तुटला होता, म्हणून त्याच मोळीतली चार लाकडं दारात राहिली होती. रागानं मी ती आमच्या चुलीत घातली. पाटलाचं लाकूड. सरळ जाळ लागला. भाकरी भाजून झाल्या. कोपऱ्यातून आय म्हणाली, "आज चूल पेटवली नाय का गं?"

धूर नाही, म्हणजे चूल पेटलीच नाही, असं वाटलं तिला. जन्मात तिला दुसरं काही माहीत नव्हतं. मी तिथंच भाकर हातात धरून बसले. माझ्या घरात ज्या लाकडाला धूर नाही, ते पाटलाच्या घरात का धुमसतं?

मग दिसलं. रोज डोळ्यांसमोर घडत होतं, तरी तेव्हा दिसलं. मी मोळी टाकून लांब सरकले की पाटलीणबाई तिच्यावर घागर रिकामी करायची. माझा विटाळ धुवायला. चारी बाजूंनी, एक ढलपी कोरडी राहता कामा नये. आय सांगायची, पूर्वी वर्षाचं लाकूड एकदम उन्हाळ्यात पडायचं, पाणी मारलं तरी उन्हात वाळायचं. आता लढाईच्या सालात लाकडाचा कोळसा पाडणाऱ्या ठेकेदारांनी डोंगर बोडका केला होता, पार माथ्याशी चढून रोज मोळीभर मिळायचं तेवढंच. मोळी सकाळी यायची, तिच्यावर पाणी पडायचं आणि संध्याकाळी ती चुलीत जायची. सगळे बघत होते. पण त्यांना पाणी दिसत नव्हतं, विटाळ दिसत होता.

आठवड्यानं पाटलाचं नातवंड गेलं. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, मोळी घेऊन ये.

मी मोळी उतरवली. पाटलीणबाई म्हणाली, तुझ्या लाकडांनी माझा वंश खाल्ला. म्हणाली आणि घागर उचलली. त्या दिवशीसुद्धा.

मी मोळीच्या आड उभी राहिले. "पानी घालू नका. अशीच जाळा, धूर नाय व्हायचा. धूर माज्या लाकडाचा नाय, तुमच्या पान्याचा हाय. पोर तुमच्या सोवळ्यानं मारलं."

आतून सून हळूच बोलली, "खरं हाय, आत्याबाय. लाकडं चुलीत ठिबकतात."

सासूनं घागर ठेवली, आत जाऊन लोखंडी फुंकणी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. मला आवाज ऐकू आला. तिच्यासाठी मी काही केलं नाही. गडी काठी घेऊन माझ्यावर धावला होता. काठी मानेवर यायच्या आत मी तिचं दुसरं टोक मुठीत धरलं. त्याचा हात चटका बसल्यासारखा सुटला. त्याच काठीनं माझी मान दाबताना त्याला विटाळाची भीती नव्हती, पण माझी मूठ काठीवर पडली आणि तो मागं सरकला.

काठी माझ्या हातात राहिली. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. खरंच फोडायचं होतं. मी घागर फोडली. मग मोळीचा वेल धरला आणि सबंध गावातून मोळी फरफटत घरी नेली.

महारवाड्यातली जाणती माणसं म्हणाली, जा, पाया पड, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाटलाची माणसं आली. खोपटाचं दार मोडलं, मला दारातच तुडवलं. डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. पुढच्या आठवड्यात पाटलानं महारवाड्यात घरोघर निरोप धाडला, दोन घरं मोळी घेऊन गेली. बाकीची गेली नाहीत.

आयची छाती काही सुधारली नाही. गेलेले डोळे परत आले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या चुलीत कोरडं लाकूड जळतं, आणि मी एका हातानं मोळी बांधायला शिकले. पाटलाकडून अजून निरोप येतात. मी निरोप्याला डोंगर दाखवते. कोरडं लाकूड तिथंच आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी चढावं, आणि स्वतःच्या डोक्यावर आणावं.