रंगाखालचा पत्रा

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की फिटरकाकांना खरोखर ओकारी यायची. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दिवाळीआधी दारं-खिडक्या रंगू लागल्या की ते नाकाला रुमाल लावून घराबाहेर पडत. शेजारच्या काकूंनी एकदा कौतुकाने आपलं नवं हिरवं फाटक दाखवायला बोलावलं, तर काका तिथूनच नालीकडे धावले. "फाटक बघून उलटी करतात का हो कोणी, भाऊजी?" म्हणत काकू महिनाभर फुगून होत्या.

मी बुऱ्हाणपूरजवळच्या गावातून शिकायला आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्यातलं अर्धं श्रेय काकांचं. परीक्षेच्या दिवशी ते मला स्कूटरवर भंवरकुआंच्या परीक्षा केंद्रावर सोडत आणि उतरताना एकच सांगत, "येत नाही ते कोरं सोड. लीपापोती करू नको."

काका मिलमध्ये बॉयलर फिटर होते. मिल बंद पडल्यावर एका एजंटामार्फत ते परदेशातल्या एका खाजगी गोदीत कामाला गेले. एका मोठ्या देशाच्या वापरून झालेल्या युद्धनौका तिथे यायच्या. त्यांची दुरुस्ती करून त्या छोट्या देशांच्या नौदलांना मैत्रीची भेट म्हणून दिल्या जात. 'मैत्री' हा शब्द काका थुंकल्यासारखा उच्चारत.

"दुरुस्ती कसली, भिया? वायरब्रश मारायचा, भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरून राखाडी रंग. हातोडीने ठोकला की पत्रा बोलतो. चांगला असला तर टणकन बोलतो. हा बोलायचाच नाही. हातोडी आत जायची, चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये गेल्यासारखी."

एका जहाजात पंपाच्या खोलीखालचा तळाचा पत्रा असाच सडलेला निघाला. काकांनी सुपरवायझरला दाखवला. त्याने लांबीचा डबा पुढे सरकवला. जहाज सोपवायच्या दिवशी बँड होता, भाषणं होती. नव्या मालकांच्या इंजिनरूमचा मुख्य माणूस काकांच्याच वयाचा होता. दोन महिने दोघांनी एका डब्यात खाल्लं होतं. तो साहेबलोकांना सोडून काकांकडे आला, बोटाने खाली दाखवून म्हणाला, "ओके?"

"माझा पासपोर्ट सुपरवायझरच्या कपाटात," काका सांगायचे. "मी म्हणालो, ओके. त्याने मला मिठी मारली. त्याच्या वर्दीला ताज्या रंगाचा वास येत होता."

माझ्या शेवटच्या वर्षी एका रविवारी काकांनी कागद आणून समोर ठेवला. ते जहाज घेतलेल्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला पत्र लिहायचं होतं, त्या इंजिनवाल्याच्या नावाने. मी माझं सगळं इंग्रजी पणाला लावलं. काकांनी अर्थ विचारला. मी ऐटीत सांगितला, "तळाच्या पत्र्यांची यथावकाश तपासणी करणे उचित ठरेल."

"सडलाय हे कुठेय यात?"

"काका, ऑफिशियल पत्रात असं नाही लिहीत."

"मग कधी लिहितात? माणसं बुडाल्यावर?"

मला माझ्या इंग्रजीचा फार अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची शिसारी आली. मी कागद फाडला आणि सडलाय ते सडलाय असंच लिहिलं. खाली काकांचा फोन नंबर घातला.

पाच-सहा महिन्यांनी फोन आला. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, पण रविवारी काकांकडेच असायचो. स्पीकरवर तो इंजिनवाला स्वतः होता, अगदी खुशीत. त्याचं मोडकं इंग्रजी मी काकांना मराठीत सांगत गेलो. पत्र मिळालं. भोक त्यांना पहिल्याच महिन्यात सापडलं होतं. आता चिंता नाही, बंद केलंय.

काका खुर्चीत मागे टेकले. कितीतरी वर्षांनी माणूस श्वास सोडतो तसा त्यांनी श्वास सोडला. मग म्हणाले, "विचार त्याला, नवा पत्रा टाकला ना?"

मी विचारलं. तो हसला. म्हणाला, नवा पत्रा कशाला? लांबी आणि रंग. जहाज आता आमच्याकडे राहणार नाही, आम्हीच ते पुढे एका देशाला देतोय. भेट म्हणून.

"कुठल्या देशाला?"

ते सांगायची परवानगी नव्हती म्हणे.

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ नेला आणि नुसतं "थू!" म्हणून बंद केला. मग मला म्हणाले, "नवी चिठ्ठी लिही. पत्ता शोधून काढ."

मी शोधलं. इंटरनेटवर, बातम्यांत. दूतावासाला दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. तेवढ्यात काकांची फुप्फुसं गेली. इस्पितळात मास्क लावलेल्या अवस्थेतही ते रोज विचारत, "नाव कळलं?" मी मान हलवून नाही म्हणायचो. शेवटच्या दिवशी त्यांनी मास्क बाजूला केला. "चिठ्ठी गेली का रे?"

"गेली काका," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दाबला. चेहरा इतका निवांत झाला की नर्स म्हणाली, "आज अंकलजी अच्छे लग रहे हैं."

त्यांना बरं वाटलं, मला माझ्याच तोंडाची किळस आली. अजून येते. पत्र माझ्या टेबलावर लिहून तयार आहे, पाकीट कोरं आहे. आणि ते जहाज, नवा रंग लावलेलं, कुठल्यातरी बंदरात माणसं चढवून घेतंय.