मावशीनं आईला बाकावरून उठवलं तेव्हा

सत्तर सालाच्या आसपासचा ईस्टर. आम्ही तेव्हा सक्करदऱ्याला राहायचो आणि चर्चमधल्या प्रभुभोजनात भाकरीच्या तुकड्याबरोबर देतात तो द्राक्षरस आमच्या घरी व्हायचा... मनुका भिजवायच्या, उकळायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. चर्चच्या मंडळीनं हे काम आईकडे सोपवलं होतं. पण स्वतः ती त्यातला थेंबही चाखत नसे.

चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यायला आमची ओळ उठून पुढे गेली की आई मात्र बाकावरच बसून राहायची. मला वाटायचं, घरी सगळ्यांचं आटोपल्यावर जेवते तसंच इथेही असेल... रांधणारी शेवटी! विचारावं असं कधी डोक्यातच आलं नाही.

त्या ईस्टरला आईची धाकटी बहीण, एस्तेरमावशी, भिवापूरहून आली. पिशवीभर मिरच्या घेऊन, त्यामुळे सकाळपासून घरभर शिंका. मावशीला हळू बोलणं कधी जमलंच नाही, हेही सांगून ठेवते.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बोलावलं. ओळ उठली, आई बसलेलीच. मावशी जागच्या जागी थांबली.

“ऊठ नं वं ताई.”

“तू जा. मले नाई जमत.”

“काहून?”

“तुह्यं लग्न मोडलं ना मी...” आई म्हणाली. मी चाटच पडले!

नंतर मावशीनंच मला सगळं सांगितलं. तिला पूर्वी रेल्वेतल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. आईचं स्वतःचं सासर ओढाताणीचं, आणि धाकटीला क्वार्टर मिळणार... पोटात दुखलं, दुसरं काय! ‘पोरीला फिट्स येतात’ असं तिनं त्या लोकांना सांगितलं. साफ खोटं.

पुढे आईनं मावशीचे पाय धरले. मावशी रडली, आणि तिनं माफही केलं. मावशीचं भिवापूरला लग्न झालं, संसार छान चालला होता. पण अपराधी मनानं प्रभुभोजन घेऊ नये म्हणून आई मात्र प्रभूच्या मेजाजवळ पुन्हा गेलीच नव्हती.

तर मावशी धपकन आईशेजारी बसली. तिची कुजबुज मागच्या ओळींनाही ऐकू गेली असणार.

“अजून तेच धरून बसली तू? मी तं कवाच सोडलं. तू माफी मांगतली, देवानं देल्ली, मी देल्ली. आता तूच नाई म्हणून राहिली... तू काय देवाहून मोठी झाली काय वं?”

आईला हुंदका आला... आणि त्यातच हसूही आलं. पदरानं तोंड पुसत ती उठली.

पाळकसाहेब ताट धरून थांबले होते. आईनं गुडघे टेकले, मावशी तिला अगदी खेटून. तिनं भाकरीचा तुकडा घेतला. मग रस प्यायली.

घरी येताना रिक्षात म्हणते कशी, “रस लईच गोड झाला वं! इतक्या वर्षांत कोणी सांगितलं काहून नाई?” मावशी इतकी हसली की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

त्यानंतर आई मोठ्यानं गायला लागली. अंगण झाडताना, भांडी घासताना... सूर बेताचाच होता, पण ऐकत राहावंसं वाटायचं. अशी आई आम्ही आधी पाहिलीच नव्हती.

आज दोघीही नाहीत. प्रभूनं आईला क्षमा कधीच केली होती... पण ती घ्यायला तिला हाताला धरून उठवलं ते मावशीनं. जिच्यावर अन्याय झाला होता, तिनंच. मावशी, तुझे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.