अंगठा मुठीत ठेवून

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत कोणी फुकट काही द्यायला आलं की आधी दरवाजे लागतात. चाळ पाडून टॉवर बांधायला बिल्डर टपलेला आहे. शेजारच्या चाळीत साडीवाटपाला बायका बोलावल्या आणि साडी मिळाल्याची खूण म्हणून भलत्याच कागदावर अंगठे घेतले. तेव्हापासून आमच्या कमिटीचा हुकूमच आहे: सही करायची नाही, अंगठा द्यायचा नाही. कमिटीत आमचे हे सगळ्यांच्या पुढे. म्हणून तळमजल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये मधुमेह तपासणीचं मोफत शिबिर लागलं आणि बॅनरच्या कोपऱ्यात बिल्डरचा हसरा फोटो दिसला, तेव्हा हे सकाळपासून जिन्याखाली पहाऱ्याला उभे राहिले.

संशयी मीही आहे. दुधाची पिशवी दाबून बघितल्याशिवाय घरात घेत नाही. पण त्या दिवसांत माझा संशय बिल्डरवर नव्हता, यांच्यावर होता. यांची पँट कमरेवरून घसरत होती. पाण्याची बाटली भरून ठेवावी तर रिकामी. एकदा तर जिना चढून घरात आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी खालच्या मजल्यावर गळून पडलेली, आणि यांना पत्ता नाही. मला वाटलं, सोडलेली दारू पुन्हा धरली. जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला, तर नुसता तंबाखूचा.

दारू असती तर मी भांडले असते. दारू नाही म्हटल्यावर मात्र मला सासरे आठवले. त्यांचं असंच झालं होतं. जन्मभर गिरणीत उभं राहून काम केलेला माणूस, पायात खडा रुतल्याचं निमित्त झालं आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. अंगात शुगर आहे हे तेव्हा, इस्पितळात भरती केल्यावर कळलं. यांचाही पाय जाणार, हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

तपासून घ्या म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं. तपासलं की निघतं. लॅबवाल्यांचं आणि डॉक्टरांचं साटंलोटं असतं. शिवाय मी चहा बिनसाखरेचा पितो, मला कुठून होणार? त्या चहात बुडवून किती बटर खातात ते मला माहीत होतं.

यांच्या पहाऱ्याला न जुमानता दुपारी आम्ही बायका खाली गेलोच. पण प्रत्येकीने अंगठा मुठीत गच्च दाबून ठेवलेला. रक्त काढणारी मुलगी गोंधळली. हात सैल सोडा म्हणून ती विनवत होती आणि आमच्या शेजारच्या आजी तिला करंगळीच पुढे करत होत्या. शाईचा पॅड कुठे लपवलाय म्हणून मी टेबलाखालीही वाकून बघितलं. नव्हता. माझी शुगर ठीक निघाली. आजींची वाढलेली निघाली, तर त्या शांतपणे म्हणाल्या की हे असंच सांगणार.

ते ऐकून मला युक्ती सुचली. यांना समजावून उपयोग नव्हता, यांचा संशयच कामाला लावायला हवा होता. मी जिन्याखाली गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "अहो, मशीन खोटी दिसतेय. सगळ्यांना शुगर आहे म्हणून घाबरवतील, मग औषधाला मदत देतो सांगून सह्या घेतील. तुम्ही इथे रक्त द्या, उद्या म्युन्सिपालिटीच्या दवाखान्यात द्या. आकडे जुळले नाहीत की पकडलं यांना."

यांचे डोळे चमकले. अंगठा मुठीत धरूनच हे टेबलाशी जाऊन बसले. आकडा आला तो बघून ती मुलगी उद्याच डॉक्टरांना दाखवा म्हणाली. हे खूश. संध्याकाळपर्यंत चाळभर सांगून आले की बिल्डरची मशीन किती फेकते ते उद्या दाखवतो. मी पोळ्या लाटत ऐकत होते आणि मला रडू येत होतं.

दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. तिथेही शुगर वाढलेलीच. तर हे म्हणाले, मशीन एकाच कंपनीची असेल. डॉक्टर बाई चिडल्या नाहीत. त्यांनी आधी घराण्याची चौकशी केली. मग सांगितलं की चहातली साखर सोडली म्हणजे सुटलो असं नसतं. ज्यांच्या वडिलांना मधुमेह होता त्यांनी तर जास्त जपायचं. हा आजार वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि कुठे दुखत नाही, म्हणूनच काही होत नसताना तपासायचं. हे भुवई वर करून ऐकत होते. दुखत नाही तो कसला आजार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

मग बाईंनी यांना टेबलावर आडवं व्हायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. त्यांच्या हातात नायलॉनचा बारीकसा ताठ दोरा होता. तो पायाला टेकला की फक्त हो म्हणायचं. हे डोळे घट्ट मिटून पडून राहिले. यातही काही फसवाफसवी असणार म्हणून कान टवकारलेले.

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर, सुरू करा की," हे म्हणाले. "मी कधीचा थांबलोय."

तेव्हा एक पाय तपासून झाला होता आणि दोरा दुसऱ्या पायाच्या तळव्यावर टेकून वाकला होता.