पिल्लं ओळखणारे मामा

नुकतं अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू कोंबडा की तलंग, हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं ठामपणे आणि इतक्या वेळा चुकीचं सांगणारा माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात झाला नसेल. मामी गेल्यावर त्यांना बोलायला कोंबड्याच उरल्या होत्या. बोलणं संपलं, की ते पिल्लं, घरची तशी गावातल्यांनी आणलेलीही, तपासायला घेत. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, वाटोळ्यातून तलंग, हे तर ते पिल्लू निघायच्या आधीच सांगून टाकत. मग पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलायचं. पाय लोंबले तर कोंबडा, पोटाशी घेतले तर तलंग. तरी शंका उरली, तर डोक्यावरची टोपी घोळक्यात फेकायची. मान ताठ करील तो कोंबडा, दबून बसेल ती तलंग. आणि या सगळ्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, की सुईदोरा निघे. पिल्लावर धरलेली सुई सरळ झुलली तर नर, गोल फिरली तर मादी. त्यावर अपील नव्हतं.

मी तेव्हा भिंगारला शाळेत शिकवत होते. घरची अंडी व्हावीत म्हणून मामांनी मला निवडून सहा तलंगा दिल्या. एसटीत पाटी मांडीवर घेऊन मी त्या आणल्या. तीन-चार महिन्यांनी त्यांतल्या पाच पहाटे आरवू लागल्या, आणि शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मामा आले, पाची कोंबड्यांकडे निरखून पाहिलं आणि खेदाने म्हणाले, "हितली हवा मानवली न्हाई त्यान्ला."

नव्वदनंतरच्या एका उन्हाळी सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. ऊसतोडीहून परतलेली शेजारीण सुनेला घेऊन अंगणात आली. सुनेला दोन मुली होत्या, तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

"मामा, हिला मशीनवर दावाय न्यायचीय. पोरगी आसंल तर ठिवायची न्हाई. आदी तुमी सुई धरा, हेलपाटा तरी वाचंल."

"मी पिल्लांचा हाय, बाई. मानसांचं मला काय कळतंय?" मामा म्हणाले. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. मामा उठले, सुईदोरा घेऊन आले.

मी शेजारीच उभी होते. सुई गोल फिरली, चांगली गरगर फिरली.

"सरळ," मामा म्हणाले. "पोरगा हाय. कशाला मशिनीत जाताय?"

मुलगी झाली. शेजारणीने अंगणात उभं राहून मामांना नाही नाही ते बोलून घेतलं. गाव हसलं. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी पिल्लू घेऊन आलं नाही. पण त्यांना लागलं ते वेगळंच. तिन्ही मुलींसकट सुनेला माहेरी धाडलं होतं आणि न्यायला कुणी जात नव्हतं.

"पोरगी जगली," पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ते मला म्हणाले, "पर तिच्या आयचं घर ग्येलं. ह्ये मला आदी सुचलंच न्हाई."

त्याच्या पुढच्या वर्षी गेले, तेव्हा अंगण झाडून लख्ख होतं. कोंबड्या त्यांनी वाटून टाकल्या होत्या. मामांनी चहा केला.

"सूनबाई," मग त्यांनी विचारलं, "ती पोर आता चालाय लागली आसंल, न्हाई का?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. मामांनी मान हलवली आणि माझ्यापुढे कपबशी सरकवली.