सावळादादाची थंड पेटी

सावळादादा चौथी शिकलेला. खोडाळ्याच्या दवाखान्यातून पाड्यापाड्यांवर लसीची पेटी खांद्यावरून न्यायचा, पंचवीस वर्षं. मी नवी नर्स, नाकावर राग घेऊन आलेली. दादा कधी चिडत नसे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

वाटेत तो मला विषाणू शिकवायचा. मला, नर्सला! म्हणे, आत एक धागा, वर प्रथिनाचं कवच, काहींवर चरबीचा थर, म्हणून ते साबणाने मरतात. बस, एवढाच त्यांचा संसार. पोलिओच्या थेंबात त्यातलाच एक, मवाळ केलेला, अंगाला वैऱ्याची ओळख पटवून देणारा. हे सगळं त्याने एका जुन्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं.

एका वर्षी दिवाळीनंतर असेच थेंब द्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी अख्खा पाडा वीटभट्टीवर निघणार, मग पोरं कुठली सापडायला? पाड्यातल्या पोशी नावाच्या बाईच्या ओटीवर पेटी ठेवून आम्ही पोरं गोळा करायला गेलो. परतलो तर लसीच्या बाटल्या चुलीकडेला ओळीने मांडलेल्या. एवढं गार औषध लेकरांना बाधेल, म्हणून पोशीने मायेने ऊन केलं होतं. कपाळ माझं!

बाटल्यांवरचा, उष्णता लागली की रंग बदलणारा चौकोन काळा पडला होता, म्हणजे लस वाया गेली. माझ्या पायाला फोड आले होते. म्हटलं, "दादा, देऊन टाकू. कोणाला कळतंय?"

"पोरांच्या अंगाला कळेल, बाई."

पोशी रडायला लागली. दादाने तिला एवढंच समजावलं, की ते कवच अंड्यासारखं असतं, उकडलं की परत कच्चं होत नाही. मग पेटी उचलून तो नवी लस आणायला खोडाळ्याची वाट चालू लागला.

सकाळी भट्टीवर मजूर नेणाऱ्या मुकादमाची जीप भरली. पोशी तिच्यापुढे फतकल मारून बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, बाई हलेना. अखेर दादा धापा टाकत आला आणि जीपमध्येच एकेका पोराला दोन-दोन थेंब पाजले. मला माझीच लाज वाटली.

आता पेटी गाडीतून जाते. दादाच्या मागे चालायचे ते दिवस फार आठवतात. करोनाची लस द्यायला मी साखरशेतला त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याने मला ओळखलंही नाही. पण दंड पुढे करण्याआधी पेटीत हात घालून त्याने बर्फ चाचपला.

"अंडं कच्चं आहे ना, बाई?"

"कच्चंच आहे, दादा," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.