तीस इंचांचा ओटा

ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरावरून ठरवतात, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी, की ओटा हा भिंतीला असतोच आणि त्यावरून आपल्याला चहा मिळतो.

कळंब्याकडचा हा फ्लॅट आम्ही दोघांनी मिळून बुक केला होता. ताबा मिळाला तेव्हा बायकोला जाऊन तेरा महिने झाले होते. एक हॉल, एक खोली आणि सहा बाय आठचं स्वयंपाकघर. दोघं आत शिरले तर एकानं पाठीमागं सरकत बाहेर यायचं. म्हणून कमी जागेत ट्रॉल्या, कपाटं बसवून देणाऱ्या एका मुलीला बोलावलं. जयसिंगपूरची, तिशीची, आवाज अख्ख्या बिल्डिंगला पुरेल असा. चप्पल काढायच्या आधी तिनं टेप काढली.

"सैपाक कोण करतंय, काका?"

"घरची मंडळी," मी सवयीनं बोलून गेलो.

"मग हायत कुठं? उभं राहू देत हितं, कोपर मोजते."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण जीभ वळली नाही. "गडहिंग्लजला गेलीय, माहेरी," म्हणालो आणि माझ्या खांद्याखाली हात धरून बायकोची उंची दाखवली. तिनं हातापासून फरशीपर्यंत टेप सोडली.

"बुटक्या हायत की काकू! मग तीस इंचच घेऊ. तुमच्या मापानं छत्तीस लागला असता. पण तुम्ही कुठं सैपाक करताय!"

मी हसलोसुद्धा. भाड्याच्या जुन्या घरी परतताना मात्र स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायचं ठरवलं आणि केला नाही. कारण सरळ आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी दिसलो की माणसं आवाज खाली घ्यायची, जेवलात का विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत निघायची. ही मुलगी माझ्याशी भांडल्यासारखी मोठ्यानं बोलायची, आणि तिच्या बोलण्यात माझी बायको अजून स्वयंपाक करत होती. मला ते हवं होतं. खोटं होतं, तरी हवं होतं.

मग तिचे फोन सुरू झाले. काकू भाकरी उभ्यानं थापतात का खाली बसून? परात कुठं ठेवतात? वर्षाची चटणी किती करतात, बरणी केवढी? चटणीचं मला सांगता आलं, कारण डंकावर मिरच्या कुटून आणायला मीच जायचो. बाकीचं, "विचारून सांगतो." तेहतीस वर्षं बायकोच्या हातचं खाल्लं, भाकरी ती कशी थापते हे एकदा मान वर करून बघितलं नव्हतं. खोटं बोलण्यापेक्षा याची लाज जास्त वाटली.

एकदा तिनं विचारलं, "जुन्या ओट्याचा काकूंना काय तरास होता?"

त्या संध्याकाळी मी जुन्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. ओट्यापुढं जमिनीवर लाकडी पाट होता. कायम असायचा. येता-जाता मला ठेच लागायची आणि मी ओरडायचो, "हा पाट इथं कशाला मधेच?" बायको पायानं तो भिंतीकडं सारायची. ओटा तिला उंच होता. सगळी वर्षं ती त्या पाटावर उभी राहून रांधत होती, आणि मला वाटायचं, तिला पसारा आवरायची सवय नाही.

मी फोन लावला. म्हणालो, "तीस इंच. त्याच्यावर एक बोट नको."

काम दोन महिने चाललं. "काकू अजून आल्या न्हाईत व्हय? भांडलाय की काय? मी बोलू का त्यांच्याशी?" ती चिडवायची. मी म्हणायचो, "येईल, येईल."

शेवटच्या दिवशी ती आली ती नारळ, खण आणि हळदीकुंकवाची पुडी घेऊनच. नव्या स्वयंपाकघरात घरच्या बाईची ओटी भरायची आणि तिच्या हातानं दूध उतू जाऊ द्यायचं, ही तिची रीत. "आज तरी आल्यात न्हवं काकू?" म्हणत ती आतल्या खोलीत डोकावलीसुद्धा.

नारळ हातात धरून ती बाईला शोधत होती. आता पुढं खोटं रेटणं मला जमलं नाही. म्हणालो, "ती नाही. वारली. सव्वा वर्ष झालं."

तिनं खण-नारळ पिशवीत ठेवले. मग तिचाही आवाज गल्लीतल्या माणसांसारखा झाला. "काका, दूध तुम्हीच ठेवा," म्हणाली. मी ठेवलं. गॅस पेटवायला वाकावं लागलं, ते तिनं बघितलं.

"वर घेऊया ओटा. चार दिवसाचं काम हाय. पाठ धरंल तुमची."

"धरू दे," मी म्हणालो.

दूध उतू गेलं. तिनं पुसायला फडकं मागितलं, मी दिलं नाही. ती निघाली, जिन्यात एकदा थांबली आणि गेली. नंतर तिचा फोन आला नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दोन महिने एका माणसापुरती का होईना, माझी बायको गडहिंग्लजला होती, येणार होती. पहिल्या वेळी ती वारल्याचं मला दवाखान्यात दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. या वेळी ते माझ्या तोंडानं सांगावं लागलं.